फायटर पायलट हवाईदल प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत चढतो कसा? हस्तरा गावच्या चौधरी साहेबांची वाट

हदगाव (वार्ताहर) : मूळचे हदगाव तालुक्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी ३० सप्टेंबर २०२१ रोजी देशाचे हवाईदल प्रमुख झाले. तेव्हा आपल्या भागात कित्येकांनी त्यांचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला होता. तीन वर्षं ते त्या खुर्चीवर होते, ३० सप्टेंबर २०२४ ला निवृत्त झाले. फोटो ठेवला, अभिमान वाटला, सगळं खरं. पण फायटर विमान चालवणारा माणूस तिथवर पोचतो कसा, हे नीट कुणी सांगत नाही. पारावर विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, वर कुणीतरी ओळखीचं असेल. दोन, हे सगळ्यात भारी विमान चालवत असतील. या दोन उत्तरांवर समाधान मानलं तर आपल्या लेकरांना वाट कधीच दिसायची नाही, म्हणून हा लेख.

आधी एक हिशोब करू. चौधरी साहेबांचा उड्डाणाचा अनुभव ३,८०० तासांपेक्षा जास्त आहे. मिग-२१, मिग-२३, मिग-२९ आणि सुखोई-३० ही लढाऊ विमानं त्यांनी चालवली. फायटरच्या मानाने हे तास भरपूर आहेत. आता ३,८०० ला २४ ने भागा. १५८ दिवस येतात. म्हणजे जवळपास ४२ वर्षांच्या नोकरीत माणूस प्रत्यक्ष हवेत किती, तर रात्रंदिवस धरून सहा महिनेसुद्धा नाही. बाकी सगळा काळ जमिनीवर गेला. तो कशात गेला, हे कळलं की प्रमुख कसा होतो तेही कळतं.

सुरुवात एनडीएपासून. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, तिथे तिन्ही दलांची पोरं तीन वर्षं एकत्र शिकतात. चौधरी साहेब तिथलेच. त्यांच्याच तुकडीत पुढे लष्करप्रमुख झालेले मनोज पांडे आणि नौदल प्रमुख झालेले आर. हरी कुमार होते. १ मे २०२२ पासून दोन वर्षं तिन्ही दलांचे प्रमुख एकाच तुकडीचे मित्र होते. त्यातले पांडे साहेब नागपूरचे आणि चौधरी साहेब आपल्याकडचे. एकाच मैदानावर पळणारी तीन पोरं चाळीस वर्षांनी देशाची तिन्ही दलं सांभाळतात, ही साधी गोष्ट नाही.

एनडीएनंतर हवाईदलाच्या मुलांना हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाईदल अकादमीत पाठवतात. आता तिथे सुरुवातीला पिलाटस नावाच्या छोट्या विमानावर शिकवतात. मग मुलांची वाटणी होते : कुणी फायटरला, कुणी मालवाहू विमानाला, कुणी हेलिकॉप्टरला. फायटरला गेलेल्यांचा शेवटचा टप्पा बीदरला, हॉक विमानावर. बीदर म्हणजे आपल्या देगलूर-उदगीरला लागूनच. देशाचे फायटर पायलट घडतात ती जागा नांदेड जिल्ह्याच्या शेजारी आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

चौधरी साहेब २९ डिसेंबर १९८२ ला फायटर पायलट म्हणून अधिकारी झाले. तिथून प्रमुखपदापर्यंत जवळपास ३९ वर्षं लागली. आता ही शिडी बघू, कारण खरी गंमत इथे आहे.

हवाईदलात अधिकाऱ्याची पहिली पायरी फ्लाइंग ऑफिसर. मग फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर. इथपर्यंतची बढती साधारण ठरलेल्या वर्षांनी मिळते. सध्या दोन वर्षांनी, सहा वर्षांनी, तेरा वर्षांनी असा क्रम आहे. काम नीट असेल, परीक्षा पास असेल, तब्येत चांगली असेल तर बहुतेक जण इथपर्यंत येतात. त्यापुढे मात्र जागा मोजक्या. ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल, आणि शेवटी एअर चीफ मार्शल. एअर चीफ मार्शल देशात एका वेळी एकच, म्हणजे स्वतः प्रमुख. विंग कमांडरनंतरच्या पायऱ्यांवर बसून बढती मिळत नाही, निवड मंडळ बसतं. गेल्या कित्येक वर्षांचे गोपनीय अहवाल काढतात आणि कोण वर जाणार ते ठरवतात. जो मागे राहिला तो वाईट अधिकारी असतो असं नाही. जागाच नसते.

मग निवडताना बघतात काय? विमान चांगलं चालवता येणं हे तर धरूनच चाललेलं असतं. आपल्याकडं ट्रॅक्टर सगळ्यांना चालवता येतो, पण दहा ट्रॅक्टर, वीस माणसं, डिझेल, दुरुस्ती आणि ऐन पेरणीचा वेळ हे सगळं एकाला जमतं का, हा प्रश्न वेगळा. हवाईदलात तसंच आहे. तू किती चांगला उडतोस, यावरून प्रश्न हळूहळू सरकतो तो दुसऱ्यांना तू किती सुरक्षित उडवतोस, याच्याकडं.

चौधरी साहेबांची कारकीर्द त्या नजरेने वाचा. ते नुसते पायलट नव्हते, पायलटला शिकवणारे पायलट होते, आणि तेही सगळ्यात वरच्या श्रेणीचे. ढगात, अंधारात बाहेरचं काही दिसत नसताना फक्त काट्यांकडं बघून विमान कसं चालवायचं, याची परीक्षा घेणारे परीक्षकही होते. तमिळनाडूत वेलिंग्टनला अधिकाऱ्यांचं स्टाफ कॉलेज आहे. तिथे ते आधी शिकले, नंतर तिथेच शिकवलं. दुंडीगलच्या अकादमीत उपप्रमुख म्हणून काम केलं. दिल्लीच्या मुख्यालयात अधिकाऱ्यांच्या नेमणुकांचं, बदल्यांचं काम पाहिलं. मधल्या काळात लढाऊ स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं, नंतर एक अख्खा हवाई तळ सांभाळला. पूर्व कमांडमध्ये मुख्य स्टाफ अधिकारी झाले.

तळ सांभाळणं म्हणजे काय हे थोडं सांगायला पाहिजे. विमानं, त्यांचे मेकॅनिक, दारूगोळा, इंधन, रडार, धावपट्टी, कुंपण, कुटुंबांच्या वसाहती, शाळा, दवाखाना, सगळं एका माणसाच्या सहीखाली. धावपट्टीवर पक्षी येतात म्हणून जवळच्या गावात कचरा कुठं टाकतात, हेही त्यालाच बघावं लागतं. एखादी घार इंजिनात शिरली की कोट्यवधीचं विमान आणि पायलट दोन्ही धोक्यात. लोकांना वाटतं फायटर पायलट म्हणजे गॉगल आणि वेग. वरच्या पदावर बहुतेक वेळ अशाच कामात जातो.

आता लढाईचं. चौधरी साहेबांनी ऑपरेशन मेघदूतमध्ये उड्डाणं केली. ही सियाचीनची मोहीम, एप्रिल १९८४ ला सुरू झालेली. नंतर १९९९ च्या कारगिल युद्धात हवाईदलाची मोहीम होती तिचं नाव ऑपरेशन सफेद सागर. त्यात त्यांनी हवाई संरक्षणाची उड्डाणं केली. हवाई संरक्षण म्हणजे आपली विमानं खाली शत्रूच्या ठाण्यांवर बॉम्ब टाकत असताना वर राखण करायची, समोरून कुणी आलं तर अडवायचं. हे काम बातम्यांत कमी दिसतं, कारण राखण चांगली झाली तर काहीच घडत नाही. त्या वेळी हवाईदल प्रमुख होते अनिल यशवंत टिपणीस, तेही मराठी. म्हणजे एक मराठी प्रमुख हुकूम देत होता आणि पुढे प्रमुख होणारा दुसरा मराठी पायलट वर राखण करत होता. त्यांच्याआधी हृषीकेश मुळगावकर १९७६ ते १९७८ प्रमुख होते, आणि २००९ ते २०११ नागपूरचे प्रदीप नाईक. म्हणजे या खुर्चीवर मराठी माणूस नवा नाही. पण हदगाव तालुक्याचं नाव तिथे लागलं ते पहिल्यांदाच.

शेवटचे टप्पे फार झपाट्याने आले. १ ऑगस्ट २०२० ला ते पश्चिम हवाई कमांडचे प्रमुख झाले. हवाईदलाच्या सात कमांड आहेत (त्यातली देखभालीची आपल्या नागपुरात आहे), पण पश्चिम कमांड सगळ्यात वजनदार मानतात, कारण पंजाबपासून काश्मीर, लडाखपर्यंतचं आकाश तिच्याकडं. वेळ कोणती होती बघा. जून २०२० मध्ये गलवानला चीनशी झटापट होऊन आपले २० जवान शहीद झाले होते. लडाखमध्ये सैन्य, रणगाडे, रसद विमानाने चढवणं चालू होतं. आणि २९ जुलैला, म्हणजे त्यांनी सूत्रं घेण्याच्या तीनच दिवस आधी, पहिली पाच राफेल विमानं अंबाल्याला उतरली होती. अशा वेळी ती कमांड हातात देणं यातच सरकारचा विश्वास दिसतो. १ जुलै २०२१ ला ते उपप्रमुख झाले आणि तीन महिन्यांत प्रमुख.

प्रमुख कोण, हे शेवटी केंद्र सरकार ठरवतं. बहुतेक वेळा ज्येष्ठता पाळली जाते. प्रमुख उड्डाण शाखेचाच असतो, आणि आजवरचे बहुतेक फायटरवाले. पण २००७ मध्ये फली होमी मेजर हे हेलिकॉप्टर पायलट प्रमुख झाले होते, त्यामुळे फायटरशिवाय होतच नाही असं म्हणता येत नाही. मुदत तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, जे आधी येईल ते. यातून एक गोष्ट लक्षात घ्या : तीस-पस्तीस वर्षं सगळं नीट करूनही, बरोबर त्या वेळी ज्येष्ठता जुळली नाही तर खुर्ची हुकते. जन्मतारखेचाही यात वाटा आहे. पण जो विशीच्या आसपास अधिकारी झाला, त्यालाच शिडी चढायला पुरेशी वर्षं मिळतात. म्हणून दहावी-बारावीला काय करतो ते इथे फार महत्त्वाचं.

आपली पोरं चुकतात ती इथेच. पहाटे हायवेला पळणारी पोरं दर गावात आहेत. त्यांना विचारलं तर सगळी 'भरती' म्हणतात. भरती म्हणजे आता अग्निवीर, चार वर्षांची नोकरी, आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. ती वाट वाईट नाही, पण ती जवानाची वाट आहे. अधिकाऱ्याची वाट वेगळी, तिला पळण्याआधी गणित लागतं. एनडीएतून हवाईदलाला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित पाहिजेच. दहावीनंतर 'गणित अवघड जातं' म्हणून सोडलं, की एनडीएतून पायलट व्हायचं दार तिथेच बंद. घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी ९०० गुणांची : ३०० गणित, ६०० सामान्य क्षमता, त्यात २०० गुण इंग्रजीचे. पेपर मराठीत नसतो, हिंदी किंवा इंग्रजीत. पास झाल्यावर पाच दिवसांची एसएसबी मुलाखत, तीही ९०० गुणांची. तिथे पाठांतर चालत नाही. मैदानावर चार पोरांना एक लाकूड, एक दोरी देऊन खड्डा ओलांडायला सांगतात आणि बघत बसतात : कोण ऐकतो, कोण ओरडतो, कोण पुढे होऊन ओझं उचलतो. शेतात वाढलेलं लेकरू यात कमी पडू नये असं माझं मत आहे. कमी पडतं ते इंग्रजीत आणि बुजरेपणात.

पायलटसाठी आणखी एक चाचणी असते, संगणकावर आणि यंत्रावर. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की पुन्हा नाही. म्हणून 'चला, अनुभव म्हणून देऊन बघू' असं हिच्या बाबतीत करू नका. वैद्यकीय तपासणीत उंचीबरोबर पायाची लांबीही मोजतात, कारण माणूस कॉकपिटमध्ये बसला पाहिजे. रंग ओळखण्याची नजर चोख लागते. डोळे दहावीतच एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवून घ्या, म्हणजे तीन वर्षं खपून शेवटी नाही म्हणायची वेळ येणार नाही.

तयारीसाठी लाखो रुपये भरून क्लास लावायलाच पाहिजे असं नाही. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासून. दहावीनंतर परीक्षा देऊन मुलांना प्रवेश मिळतो, अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी होते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे. मुलींचं आवर्जून सांगतो. हवाईदलात पहिल्या तीन महिला फायटर पायलट जून २०१६ मध्ये झाल्या, आणि एनडीएतून मुलींची पहिली १७ जणींची तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. बारावी झालेल्या मुलीला स्थळ बघण्याआधी हे माहीत असू द्या.

एनडीए हुकली तरी पदवीनंतर सीडीएस आणि एफकॅट या परीक्षांतून पायलट होता येतं. एनडीएत राहणं, खाणं, शिक्षण सरकारी खर्चाने, वरखर्च तेवढा घरचा. 'सीट पक्की करून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, तिथे सीट विकत मिळत नाही. अर्ज फक्त यूपीएससीच्या वेबसाइटवर, मोबाईलवरूनही भरता येतो. फी १०० रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना माफ.