मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचे परदेशातील एक वर्ष

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत मानसशास्त्राची तीन वर्षांची पदवी चार वर्षांत पूर्ण करण्याचा एक पर्याय विद्यार्थ्यांना दिलेला असतो, आणि त्या वाढीव वर्षात विद्यार्थी आपल्या विद्यापीठाने करार केलेल्या एखाद्या परदेशी विद्यापीठात राहून शिकतो. हे वर्ष बहुधा दुसऱ्या आणि अखेरच्या वर्षाच्या मध्ये येते. या काळात विद्यार्थ्याचे नाव मूळ विद्यापीठाच्याच पटावर राहते, पदवीही तेच विद्यापीठ देते, आणि देवाणघेवाणीच्या करारामुळे यजमान विद्यापीठाला वेगळे शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही. इंग्लंडमधील विद्यापीठांना अशा पूर्ण वर्षासाठी देशांतर्गत विद्यार्थ्यांकडून नेहमीच्या कमाल शुल्काच्या १५ टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. फ्रेंच किंवा जपानी शिकणाऱ्याने ती भाषा बोलणाऱ्या देशात वर्षभर राहावे हे कोणालाही पटते. मानसशास्त्र शिकणाऱ्याला त्याची गरज काय, हा प्रश्न मात्र पालकच नव्हे तर अनेक प्राध्यापकही विचारतात, आणि तो रास्त आहे. माणसाचे मन सर्वत्र एकाच रीतीने चालत असेल तर ते लंडनमध्ये अभ्यासले काय आणि लायडनमध्ये अभ्यासले काय, फरक पडू नये.

मन सर्वत्र एकाच रीतीने चालते हे गृहीत धरूनच या शास्त्राने आपले पहिले शतक काढले. ते गृहीतक किती अरुंद पायावर उभे होते हे २०१० साली जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन या तीन संशोधकांनी एका प्रदीर्घ लेखात दाखवून दिले. पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही या पाच इंग्रजी विशेषणांची आद्याक्षरे जुळवून त्यांनी ‘वीअर्ड’ हा शब्द रूढ केला. इंग्रजीत त्याचा नेहमीचा अर्थ ‘विचित्र’ असा होतो, आणि मानसशास्त्राने ज्यांच्यावर प्रयोग केले ते लोक जगाच्या मानाने खरोखरच अपवादात्मक आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी आधार घेतलेल्या जेफ्री आर्नेट यांच्या पाहणीनुसार अमेरिकेतील सहा प्रमुख नियतकालिकांत २००३ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील ९६ टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, तर या देशांत जगाची अवघी १२ टक्के लोकसंख्या राहते. या लेखातील आणखी एक आकडा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. सामाजिक मानसशास्त्रातील एका अग्रगण्य नियतकालिकात ज्या अमेरिकी अभ्यासांची नोंद झाली, त्यांपैकी ६७ टक्के अभ्यासांत प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग केला जातो त्या व्यक्ती, केवळ मानसशास्त्राच्या पदवी वर्गात शिकणारे विद्यार्थी होते. दुसऱ्या शब्दांत, ‘माणूस असा वागतो’ हे पाठ्यपुस्तकातील वाक्य पुष्कळदा ते पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्याच वर्गबंधूंविषयीचे विधान असते. असा विद्यार्थी आपल्याच वर्गात राहिला तर त्याला हे पुस्तक खरेच वाटत राहणार, कारण आजूबाजूची माणसे त्यातील निष्कर्षांप्रमाणेच वागताना त्याला दिसतात.

केवळ आवडीनिवडी किंवा चालीरीतींपुरताच हा फरक मर्यादित आहे, असेही नाही. दोन सारख्या लांबीच्या रेषांपैकी एकीच्या टोकांना आत वळलेले आणि दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले बाण काढले की त्या लहानमोठ्या भासतात, हा म्युलर-लायर दृष्टिभ्रम म्हणून प्रसिद्ध असलेला प्रकार मानसशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवला जातो, आणि तो डोळा व मेंदू यांच्या रचनेतून अटळपणे उद्भवतो अशी बहुतेकांची समजूत असते. मार्शल सेगल, डोनल्ड कॅम्पबेल आणि मेलव्हिल हर्सकोव्हिट्स यांनी अनेक समाजांत केलेली तपासणी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा या भ्रमाची तीव्रता समाजागणिक बदलते असे आढळले. इलिनॉय राज्यातील एव्हन्स्टन येथील रहिवाशांवर त्याचा प्रभाव सर्वाधिक होता, तर कलहारीतील सान लोकांवर तो जवळजवळ नव्हताच. काटकोनी भिंतींच्या खोल्यांत वाढलेल्या डोळ्यांना कोपऱ्यांवरून अंतर जोखण्याची सवय लागते, असे एक स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. त्यावर मतभेद आहेत. परंतु रेषेची लांबी जोखण्यासारख्या साध्या क्रियेतही माणूस कोठे वाढला याचा संबंध येऊ शकतो, ही जाणीव एकदा झाली की स्मृती, स्वप्रतिमा, लाज, राग, मैत्री यांविषयी सर्वसाधारण विधान करताना विद्यार्थी सावध होतो. ही सावधगिरी व्याख्यानातूनही शिकवता येते, पण परक्या समाजात वर्षभर राहून ती जशी अंगी मुरते तशी व्याख्यानातून मुरत नाही.

शिवाय या शास्त्राचा जन्मच प्रवासी विद्यार्थ्यांच्या हातून झालेला आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा सुरू केली, आणि स्टॅन्ली हॉल, जेम्स कॅटेल यांच्यासारखे अमेरिकी व एडवर्ड टिचनर यांच्यासारखा इंग्रज विद्यार्थी तेथे जाऊन शिकले. वुंट यांचेच विद्यार्थी ह्युगो म्युन्स्टरबर्ग पुढे हार्वर्डला गेले. त्यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता भारतात परतले आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झालेल्या मानसशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. भारतातील प्रायोगिक मानसशास्त्र अशा रीतीने लाइपझिगहून हार्वर्डमार्गे आलेले आहे.

आजचा विद्यार्थी ज्या व्यवस्थेतून जातो ती मात्र बरीच अलीकडची आहे. सोफिया कोराडी या इटालियन विद्यार्थिनीने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केलेले अध्ययन १९५८ मध्ये मायदेशी परतल्यावर ग्राह्य धरले गेले नाही, आणि त्या अनुभवानंतर त्यांनी परदेशातील अभ्यासाला मान्यता मिळावी यासाठी अनेक वर्षे खटपट केली. १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून गेले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर तेथे २०२१ पासून ‘ट्युरिंग’ योजना आली. या सर्व व्यवस्थांचा आधार श्रेयांक हा आहे. श्रेयांक म्हणजे वर्ग, वाचन, लेखन व परीक्षा मिळून विद्यार्थ्याने केलेल्या कामाचे माप. युरोपीय पद्धतीत एका वर्षाचे ६० श्रेयांक होतात, प्रत्येक श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते, आणि ब्रिटिश पद्धतीतील वर्षाचे १२० श्रेयांक त्यांच्या बरोबरीचे मानले जातात. गुणांचे रूपांतर मात्र इतके सोपे नसते. ब्रिटनमध्ये शंभरपैकी ७० गुण मिळाले की प्रथम वर्ग होतो, तर नेदरलँड्समध्ये दहापैकी गुण देतात आणि तेथे नऊ किंवा दहा क्वचितच कोणाला मिळतात. म्हणूनच अनेक ब्रिटिश विभाग परदेशातील वर्षाचे गुण पदवीच्या श्रेणीत न मिळवता विद्यार्थी उत्तीर्ण झाला की नाही एवढेच पाहतात, आणि तो निर्णय योग्य आहे, कारण अनोळखी विषय निवडण्याचे धाडस त्याखेरीज फारसे कोणी करणार नाही.

यजमान विद्यापीठातील वर्ग हा स्वतःच एक अभ्यासविषय असतो. मास्ट्रिक्ट विद्यापीठात समस्याकेंद्री अध्यापनाची पद्धत आहे. लहानशा गटापुढे एखादी घटना किंवा कोडे ठेवले जाते, त्यातून काय शिकायला हवे हे विद्यार्थीच ठरवतात, स्वतंत्रपणे वाचतात आणि पुढील बैठकीत एकमेकांना समजावून देतात. शिक्षक मुख्यतः मार्गावर लक्ष ठेवतो. व्याख्यान ऐकून टिपणे काढण्याची सवय असलेल्याला प्रारंभी ही पद्धत दिशाहीन वाटते. जर्मन विद्यापीठांत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने ठरावीक तास इतरांच्या प्रयोगांत प्रयुक्त म्हणून बसावे असा नियम सर्रास आढळतो. तेथे भाषेचा प्रश्नही उभा राहतो, आणि त्यालाही मानसशास्त्रीय बाजू आहे. अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच जणांचे प्राण वाचवण्यासाठी एका माणसाला पुलावरून ढकलावे काय हा प्रसिद्ध नैतिक पेच काहींना मातृभाषेत, तर काहींना नंतर शिकलेल्या भाषेत घातला गेला. मातृभाषेत सुमारे २० टक्के लोकांनी होकार दिला, तर परक्या भाषेत सुमारे ३३ टक्के. नंतर शिकलेल्या भाषेतील शब्दांना बालपणापासूनचा भावनिक भार नसतो, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. ज्याला पुढे समुपदेशक व्हायचे आहे त्याने परक्या भाषेत स्वतःचे दुःख सांगण्याचा प्रयत्न एकदा तरी करून पाहिलेला असावा; समोर बसलेल्या माणसाची अडचण त्याला मग अधिक नेमकेपणाने कळेल.

या वर्षाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की मनाचा अभ्यास करणारा हा विद्यार्थी त्याच वेळी मानसशास्त्राचा जुना संशोधनविषयही असतो. नॉर्वेचे संशोधक स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले समाधानी, सहा ते अठरा महिने राहिलेले असमाधानी, आणि त्याहून अधिक राहिलेले पुन्हा समाधानी, असे त्यांना आढळले. आलेख काढल्यास तो इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो, आणि ‘सांस्कृतिक धक्का’ या कल्पनेबरोबर हा आलेखही विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत रुळला. या आकड्यांचा सरळ अर्थ लावला तर नऊ-दहा महिन्यांसाठी गेलेला विद्यार्थी नेमका दरीच्या तळाशी असतानाच घरी परततो. सुदैवाने पुरावा इतका एकसुरी नाही. लिसगार्ड यांनी वेगवेगळा काळ राहिलेल्या वेगवेगळ्या व्यक्तींची तुलना केली होती. त्याउलट कॉलिन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा पोहोचल्यापासून वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा त्रास अगदी आरंभी सर्वाधिक असून पुढे तो कमी होत गेल्याचे दिसले. म्हणजे मधुचंद्रासारखे पहिले दिवस ही बऱ्याच जणांच्या बाबतीत केवळ दंतकथा आहे, आणि पहिल्या आठवड्यात रडू आले म्हणून आपण अपात्र ठरलो असे कोणी समजण्याचे कारण नाही.

त्रास कमी होण्यात कोणाशी मैत्री जडते याचा मोठा वाटा असतो. स्टीफन बोकनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीची तीन वर्तुळे मांडली: मायदेशीयांचे, यजमान देशातील लोकांचे, आणि इतर देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचे. पहिल्यात जिव्हाळा मिळतो, दुसऱ्याकडून अभ्यास व व्यवहारातील मदत होते, तिसरे विरंगुळ्याचे असते. पहिल्या वर्तुळाची टर उडवण्याची एक पद्धत आहे. ती अन्यायकारक आहे, कारण संकटात धावून येणारी माणसे पुष्कळदा तेथलीच असतात. तरीही बदल घडतो तो बाकीच्या दोन वर्तुळांमुळे, असे मानायला आधार आहे. युलिया झिमरमान आणि फ्रान्झ नायर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, जर्मनीतील १,१३४ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात परदेशी गेलेल्यांची न गेलेल्यांशी तुलना केली. जाणारे मुळातच अधिक बहिर्मुख होते, हे खरे. परंतु हा आरंभीचा फरक लक्षात घेऊनही परतलेल्यांत नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा आणि सौजन्य वाढलेले, तर भावनिक अस्थिरता कमी झालेली आढळली, आणि या बदलाचा संबंध परदेशात जुळलेल्या नव्या नात्यांशी होता.

व्यावहारिक बाजूने पाहता मानसशास्त्राची एक खास अडचण आहे. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेल्या पदवीत जैविक, बोधात्मक, विकासात्मक व सामाजिक मानसशास्त्र, व्यक्तिभिन्नता, या शास्त्राचा इतिहास व तात्त्विक पाया, संशोधन पद्धती आणि एक स्वतंत्र संशोधन प्रकल्प हे सारे यावेच लागते, कारण व्यावसायिक मानसशास्त्रज्ञ होण्याचा पुढील मार्ग या पायावरूनच जातो. परदेशातील वर्ष जादा असल्यामुळे हे विषय उरलेल्या तीन वर्षांत बसतात. परंतु वर्षभर संख्याशास्त्राला हात न लावता परतणाऱ्याला अखेरच्या वर्षी प्रकल्पाची सामग्री तपासताना जड जाते. त्यामुळे यजमान विद्यापीठात संख्याशास्त्राचा किमान एक विषय घ्यावा, आणि प्रकल्पाच्या मार्गदर्शकाशी परदेशात असतानाच पत्रव्यवहार सुरू करावा.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत या प्रवासाची दिशा उलटी होते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मानसशास्त्राचा अभ्यासक्रम बऱ्याच अंशी अमेरिकी पाठ्यपुस्तकांवर आधारलेला असल्यामुळे, ज्या माणसांवरून सिद्धान्त बांधले गेले ती माणसे न पाहताच विद्यार्थी ते सिद्धान्त शिकतो, आणि पुस्तकातील कुमारवयीन मुलगा किंवा एकटा राहणारा वृद्ध आपल्या घराशी जुळत नाही तेव्हा पुस्तकापेक्षा स्वतःच्याच निरीक्षणावर शंका घेतो. एक वर्ष त्या समाजात राहिल्यास कोणता निष्कर्ष तेथल्या मातीतला आणि कोणता आपल्यालाही लागू पडणारा, हे त्याला निवडता येईल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार ‘ट्विनिंग’ पद्धतीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला एकूण श्रेयांकांपैकी ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी विद्यापीठातून मिळवता येतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, त्यांचे ३० टक्के म्हणजे ३६. एका वर्षाचे श्रेयांक सुमारे ४० असल्याने पूर्ण वर्ष त्यात बसत नाही. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचे श्रेयांक किमान १६०, आणि त्यांचे ३० टक्के म्हणजे ४८. म्हणजे तिसरे वर्ष परदेशात आणि चौथे वर्ष मायदेशी संशोधन प्रकल्पात घालवण्याला नियमांत जागा आहे. महाराष्ट्रातील मानसशास्त्र विभागांनी त्यासाठीचे करार करायला घ्यावेत, आणि कोणत्या परदेशी विषयाला येथे कोणते श्रेयांक मिळतील हे विद्यार्थी निघण्यापूर्वीच त्याच्या हाती लेखी द्यावे.