चौरंगापासून सुरुवात

नेदरलँड्समध्ये घर घेतले की पहिल्या महिन्यातच एक शब्द कानावर पडतो, ‘क्लुसन’. घरातली ठाकठोक, रंगकाम, फळ्या मारणे, अडणारे दार तासणे, सगळे या एका शब्दात येते. सोमवारी ऑफिसात एखाद्या बड्या साहेबाला ‘काय केलंत शनिवार-रविवारी?’ म्हणून विचारा. बोटाला गुंडाळलेली पट्टी दाखवत तो अभिमानाने सांगेल, ‘क्लुसन!’ आपली मात्र पंचाईत होते. आपण दोन दोन पदव्या घेऊन आलेलो, पण भिंतीवर एक फळी लावायची म्हटली की शेजारच्या आजोबांची वाट पाहायची.

याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. आपल्याकडे सुतार घरी येई. गॅलरीत नाहीतर अंगणात बसून, फळी पायाने दाबून धरून रंधा मारी. ती कुरळी छिलपे गोळा करायला आम्ही मुले धावायचो. पण रंध्याला हात लावला की घरातून ओरडा, ‘ठेव ते, हात कापेल!’ यात काळजी होती, नाही असे नाही. पण तेवढेच नव्हते. गावगाड्यात सुतार हा महत्त्वाचा बलुतेदार. नांगर, पाभर, बैलगाडी सगळे त्याच्या हातचे. तरी त्याची हत्यारे पांढरपेशा घरातल्या मुलाने हाती धरायची नाहीत, हा अलिखित नियम. मुलींचे तर बोलायलाच नको. आपल्याला करवतीची जी भीती वाटते तिचे मूळ या वाढण्यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटे आपलीही दहाच आहेत!

आणि याची दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. आपल्या मंडळातल्या एका गृहस्थांचे आजोबा सुतार होते. परवा गप्पांच्या ओघात ते सहज म्हणाले, “आजोबांच्या पटाश्या आमच्या माळ्यावर होत्या. मी इंजिनिअर झालो त्या वर्षी वडिलांनी त्या भंगारवाल्याला दिल्या.” वडिलांना काय वाटले असेल ते समजण्यासारखे आहे. पण आज हेच गृहस्थ दुकानात उभे राहून पटाशीच्या किमती वाचतात आणि कुठली घ्यावी हे मला विचारतात.

इथे चित्र अगदी उलटे. उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेक गावांत ‘टिमरडॉर्प’ भरते. म्हणजे सुतारकामाचे गाव, बरं का! मुलामुलींना जुनी पॅलेट्स, खिळे आणि हातोड्या देतात आणि ती आठवडाभर आपापल्या झोपड्या उभ्या करतात. आपल्या मुलांना जरूर पाठवा. अंगठ्यावर एखादी हातोडी बसेल, पण बसू दे.

या देशाचे लाकडाशी नाते जुने आहे. १५९०च्या दशकात कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन याने पवनचक्कीच्या फिरण्याला करवतीच्या वरखाली हालचालीची जोड दिली. पुढे झान नदीकाठी अशा गिरण्यांची रांगच उभी राहिली आणि तिथल्या फळ्यांवर जहाजे बांधली गेली. झान्स स्खान्स इथे पाहुण्यांना दरवर्षी नेता ना? पुढच्या खेपेला ‘हेत योंगे स्खाप’ या गिरणीत शिरा. २००७ साली ती जुन्या नमुन्याबरहुकूम पुन्हा बांधली. वाऱ्यावर ओंडका कसा चिरतात ते डोळ्यांनी दिसते. जवळच झानडाममध्ये एक बुटके लाकडी घर जपून ठेवले आहे. १६९७ साली रशियाचा झार पीटर जहाजबांधणी शिकायला आला तेव्हा काही दिवस तिथे राहिला होता. पुढे तो अ‍ॅमस्टरडॅमच्या गोदीत कुऱ्हाड हाती घेऊन कामाला लागला. झारला लाज वाटली नाही, मग आपली काय कथा!

पण नवशिक्याने खरा गुरू करावा तो उट्रेख्टचा गेरिट रीटफेल्ड (१८८८–१९६४). हा मुळात सुताराचा मुलगा. अकरा-बारा वर्षांचा असतानाच शाळा सोडून वडिलांच्या कारखान्यात लागला. त्याची लाल-निळी खुर्ची सगळ्यांनी चित्रात तरी पाहिलेली असते. १९१८च्या सुमारास त्याने ती केली तेव्हा ती बिनरंगाची होती; रंग पाचएक वर्षांनी आले. रंग बाजूला ठेवा आणि तिचे सांधे पाहा. एरवी खुर्चीत खाच पाडून तिच्यात दुसऱ्या लाकडाचे कुसू बसवतात. ते घट्ट बसायला वर्षांचा हात लागतो. रीटफेल्डने चौकोनी पट्ट्या एकमेकींना नुसत्या चिकटून पुढे जाऊ दिल्या आणि आत लाकडी खुंट्या घालून जोडल्या. पुढे १९३४च्या सुमारास, मंदीच्या दिवसांत, त्याने सामान पाठवायच्या खोक्याला वापरतात तसल्या साध्या फळ्यांची खुर्ची काढली. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘मेट्स’ या उंची दुकानाने तिचे सुटे भाग विकले. घरी न्या आणि स्वतः जोडा! खोक्याच्या फळ्यांना कोण पैसे देणार, असे तेव्हा लोक म्हणाले असतील तर नवल नाही. आज ते फर्निचर संग्रहालयात आहे. उट्रेख्टच्या सेंट्राल म्युझियममध्ये त्याच्या कामाचा मोठा संग्रह आहे. खुर्चीपुढे नुसते उभे राहू नका, वाकून सांधे बघा.

आता आपले काम. पहिली वस्तू म्हणून मी चौरंग सुचवतो. गणपतीला लागतो, सत्यनारायणाला लागतो, आणि इथे दुकानात मिळत नाही. बाउमार्क्टमध्ये १८ मिलिमीटर जाडीचे, ४० सेंटिमीटर रुंद फ्यूरनचे पॅनेल मिळते. त्याचा चाळीस बाय चाळीसचा तुकडा कापून घ्या. पायांसाठी ४४ बाय ४४ मिलिमीटरची पट्टी, प्रत्येकी २२ सेंटिमीटर. पायांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या सात सेंटिमीटर रुंद आणि २७.२ सेंटिमीटर लांब. म्हणजे पाय कडेपासून दोन दोन सेंटिमीटर आत राहतात. मोठे काप बऱ्याच दुकानांत यंत्रावर करून देतात, ते तिथेच करून घ्या. पाय मात्र घरी हातकरवतीने कापा, कारण हात तिथेच बसतो. गुण्या लावून चारही बाजूंना रेघ मारा, लाकूड क्लॅम्पने टेबलाला आवळा, पहिले दोन-तीन घाव करवत आपल्याकडे ओढून घ्या आणि मग लांब, संथ ओढा. मनगट वळवू नका. कोपर आणि खांदा करवतीच्या रेषेत ठेवा. आधी टाकाऊ तुकड्यावर वीस काप करावेत. दहाव्या कापानंतर धडधड थांबते.

सांध्याला आठ मिलिमीटरच्या खुंट्या, प्रत्येक टोकाला दोन. ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळली की भोक जास्त खोल जात नाही. एक गोष्ट पुस्तकांत सहसा सापडत नाही. पायाच्या दोन बाजूंनी येणाऱ्या खुंट्या एकाच उंचीवर घेतल्या तर पायाच्या पोटात त्यांची टक्कर होते. एका बाजूच्या थोड्या वर, दुसरीच्या थोड्या खाली घ्या. पटाशी वापरायची वेळ आली तर दोन्ही हात धारेच्या मागे. आणि धार लावूनच वापरा. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, ते निसटते आणि मग लागते.

लाकूड जिवंत असते हे इथे हिवाळ्यात कळते. पुण्याहून कंटेनरने आणलेले शिसवी कपाट दुसऱ्या जानेवारीत ‘कट्ट’ करून तडकल्याचे निदान तीन घरांत मी ऐकले आहे. हीटिंगने घरातली हवा कोरडी होते, फळी आडवी आकसते आणि चारही बाजूंनी स्क्रूने जखडलेली असली तर चिरते. म्हणून चौरंगाची वरची फळी डिंकाने चिकटवू नका. खालून लांबट भोकांच्या कोनपट्ट्या लावा, म्हणजे तिला हलायला जागा राहते. त्याच कारणासाठी लाकूड आणल्यावर पंधरा दिवस त्याच खोलीत पडू द्या. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा. चार मिलिमीटरच्या स्क्रूला अडीचचे पाते पुरते.

शेवटी पॉलिश पेपर रेघांच्या दिशेने मारा, आडवा मारलात तर तेल लावल्यावर ओरखडे दिसतात. वर जवसाचे तेल पातळ लावून पुसून घ्या. ते पुसलेले फडके मात्र चुरगळून टोपलीत टाकू नका. सुकताना ते तापते आणि आपोआप पेटू शकते. बाहेर पसरून वाळवा, मग टाका. तेल पुरते सुकायला वेळ लागतो. तेव्हा यंदाच्या गणपतीसाठी करायचा असेल तर जुलैच्या शेवटी पॅनेल घरात येऊन पडले पाहिजे.