कागदी कपातला प्लास्टिकचा थर

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली आणि टपरीवरच्या प्लास्टिकच्या कपाची जागा बऱ्याच ठिकाणी कागदी कपाने घेतली. त्यावर हिरवे पान छापलेले, खाली ‘इको-फ्रेंडली’. पण नुसत्या कागदात चहा ओतला तर तो भिजून गळेल. गळत नाही, कारण आतून बहुधा पॉलिथिलीनचा थर असतो. म्हणजे प्लास्टिकच! ते कागदाला असे चिकटते, की कपाची ना धड रद्दी होते, ना खत.

आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये असे कप तपासले. गरम पाणी १५ मिनिटे ठेवल्यावर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण आढळले. टपरीवर चहा प्यायला कुणी एवढा वेळ लावत नाही, हे खरे. पण वॉर्डात पेशंटच्या उशाशी झाकून ठेवलेला कप मी पाहतो, तो अर्धा अर्धा तास तसाच असतो.

‘मग डॉक्टर, यानं कॅन्सर होतो का?’ ओपीडीत हमखास येणारा प्रश्न. तसे सिद्ध झालेले नाही; तसे सांगणारे व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड त्या हिरव्या पानाइतकेच बेजबाबदार. काळजीचे कारण वेगळे आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेने काढलेली, मानेच्या रक्तवाहिनीतली चरबीची पुटे तपासली. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या पुटांत प्लास्टिकचे कण होते, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. प्लास्टिकमुळेच झाले, असे यातून म्हणता येत नाही. तरी जे सहज टाळता येते ते पोटात कशाला घ्यायचे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार नुसते ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ छापून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. ‘कंपोस्टेबल’ शब्दालाही लगेच भुलू नये. असे बरेचसे कप मोठ्या खत प्रकल्पातल्या उष्णतेत कुजतात, उकिरड्यावर नाही.

स्टीलचा पेला किंवा काचेचा ग्लास उत्तम. ‘उष्ट्या ग्लासानं टीबी होईल’ म्हणून अनेक जण कागदी कप मागतात. टीबी खोकल्यावाटे हवेतून पसरतो, ग्लासातून नाही. ग्लास साबणाने घासून वाहत्या पाण्याखाली धुतलेला असला, की पुरे.