जुना वाडा आणि हातमाग

पारोळ्याचा भुईकोट किल्ला आपण पाहिला आहे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ साली बांधला. गावचा व्यापारही मोठा होता. इंग्रजांच्या काळातल्या सरकारी गॅझेटियरात लिहिले आहे की, पारोळ्याला गुरे, कापूस, धान्य आणि लुगडी यांची मोठी उलाढाल चाले.

पुढे गिरणीचे स्वस्त कापड आले. गावोगावचे हातमाग बंद पडले. जुने वाडेही ओस पडू लागले. ही दोन दुखणी. पण दोन्हींवर एकच औषध चालते बरं का! ते कसे, ते ऐका.

आपल्या उत्तरेला सातपुडा आहे. तो ओलांडला की नर्मदा लागते. तिच्या काठी महेश्वर आहे. अहिल्याबाई होळकरांची ही राजधानी. त्यांनी बाहेरगावचे विणकर आणून येथे वसवले, असे सांगतात. महेश्वरी लुगडे पुढे नावाजले. पण संस्थान गेले, गिऱ्हाईक तुटले, आणि माग एकेक करून थांबले.

१९८० च्या थोडे आधी होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी तेथे ‘रेवा सोसायटी’ काढली. रेवा हे नर्मदेचेच नाव. संस्थेने बायकांना विणकाम शिकवले. किल्ल्यातल्या जुन्या इमारतीत माग चालू लागले. आज तेथे बायका माल विणतात, आणि तो शहरात विकला जातो. विणकरांच्या मुलांसाठी संस्थेने शाळाही काढली.

जुनी इमारत मागाला का मानवते? तिच्या भिंती जाड असतात. ऊन लवकर आत शिरत नाही. कोरड्या, तापलेल्या हवेत सुती धागा तटकन तुटतो. गारव्यात तो नरम राहतो. छत उंच असले तर माग नीट बसतो. चौकातून उजेड येतो, म्हणून तुटलेला धागा चटकन दिसतो.

मात्र घाई करू नये. आधी मालकाची लेखी संमती घ्यावी. वास्तू सरकारने संरक्षित केलेली असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मग छताची गळती थांबवावी. लाकडाला वाळवी आहे का, ते पाहावे. जुन्या भिंतीला सिमेंट फासू नये. त्याने ओल आत कोंडते आणि भिंत खराब होते. चुन्याचा गिलावा करावा.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. कापड विकले गेले, तरच विणणाऱ्या हाताला मजुरी मिळेल. मजुरी मिळाली, तर माग चालेल. माग चालला, तर वाडा रोज झाडला जाईल, गळका कौल बदलला जाईल. माणसांचा वावर असलेले घर सहसा पडत नाही.

तुमच्या गावात असा वाडा आहे का? विणकाम जाणणारे कोणी म्हातारे माणूस आहे का? असेल तर आजच त्यांच्याकडे जा. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका.