परदेशी विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती येते कुठून?

कर्नाटकातल्या सरगूरहून जवळचं मोठं विद्यापीठ म्हणजे म्हैसूरचं, १९१६ सालचं. तिथं शिकणारी सगळी परदेशी मुलं स्वखर्चानं येत नाहीत. काहींचा भार दिल्लीची भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद (आयसीसीआर) उचलते.

विद्यार्थी ऑनलाइन अर्ज करतो, विद्यापीठ कागदपत्रं तपासून प्रवेशाला होकार देतं आणि त्याच्या देशातला भारतीय दूतावास शिष्यवृत्ती देऊ करतो. शिक्षणशुल्क परिषद भरते. पदवीला दरमहा १८,००० रुपये भत्ता, पदव्युत्तरला २०,०००, घरभाडं वेगळं.

खरी ओढाताण इथं पोहोचल्यावर होते. परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, बँकेत खातं, भाड्याची खोली... पहिला भत्ता हाती पडेपर्यंत जवळच्या पैशांतच भागवावं लागतं. अशा वेळी विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय केंद्र तत्पर हवंच.