नियम, कथा आणि कथाविश्व : भूमिकाखेळाच्या संहितेचा एक विचार

आशय आणि अभिव्यक्ती यांचा परस्परसंबंध हा मराठी समीक्षेतील जुना वादविषय आहे. अभिव्यक्ती म्हणजे आशयावर वरून चढविलेला पोशाख नव्हे, हे आता सामान्यतः मान्य झालेले आहे. मात्र साहित्याच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या काही कथनप्रकारांच्या बाबतीत हा वाद अद्याप मिटलेला नाही. पाश्चात्त्य देशांत गेल्या पन्नास वर्षांत रूढ झालेला ‘रोल-प्लेइंग गेम’ हा असाच एक प्रकार होय. प्रस्तुत लेखात त्यास ‘भूमिकाखेळ’ म्हटले आहे. या खेळातील कथा नियमांतून निष्पन्न होते की कथाविश्वातून, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

भूमिकाखेळ टेबलाभोवती बसून, मुख्यतः संवादाच्या आधारे खेळला जातो. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतो, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून नियमानुसार निर्णय होतो. लिखित स्वरूपात असते ते नियमपुस्तक. कथा प्रत्यक्ष खेळातच घडते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ मानला जातो. त्याची मुळे लघुप्रतिमांच्या साहाय्याने खेळावयाच्या युद्धखेळांत होती. त्यामुळे नियम म्हणजे लढाईचा हिशेब आणि कथा म्हणजे सूत्रधाराची प्रतिभा, ही विभागणी अनेकांना स्वाभाविक वाटत आली.

सूत्रधार समर्थ असेल तर कोणतेही नियम चालतात, हे या विभागणीतून निघणारे मत. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ (१९८६) या खेळाने तर एकच नियमसंच कोणत्याही कथाविश्वास लावता यावा, असे उद्दिष्ट ठेवले. उलटपक्षी, रॉन एडवर्ड्स यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘सिस्टम डज मॅटर’ या निबंधात नियमरचना निर्णायक असते, असे प्रतिपादन केले. या दोन भूमिकांचा निवाडा तत्त्वचर्चेपेक्षा उदाहरणांच्या आधारे करणे अधिक उचित ठरेल.

प्रथम कथाविश्व तेच, पण नियम बदललेला, अशी स्थिती पाहू. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्राची प्रगती अनुभवगुणांवर अवलंबून असते. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत योद्ध्यास दुसरी पातळी गाठण्यासाठी २००० अनुभवगुण लागतात. सुखरूप परत आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे १ गुण मिळतो. सामान्य प्रतीच्या शत्रूस पराभूत केल्यास मात्र केवळ ५ ते १०. शिवाय नवखे पात्र एकदोन घावांतच मरू शकते. अशा स्थितीत शहाणा खेळाडू लढाई टाळून धन हस्तगत करण्याचाच मार्ग शोधणार. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत धनासाठी मिळणारे हे गुण गेले, आणि शत्रू व अडथळे यांवर मात करणे हाच अनुभवगुणांचा मुख्य स्रोत ठरला. भुयारे, राक्षस आणि जादू यांत मूलभूत बदल झाला नाही. कथेचा नायक मात्र बदलला. पूर्वी चकवून निसटणारा चतुर लुटारू यशस्वी होई, आता समोरासमोर भिडणारा वीर यशस्वी होऊ लागला. नियमपुस्तकात कोठेही ‘शूर व्हा’ असा उपदेश नाही; शौर्याचे मोल नियमानेच ठरविले.

आता नियमांची बैठक तीच, पण कथाविश्व वेगळे, अशी स्थिती घेऊ. ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) हा ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरांथा या पुराणकथासदृश विश्वात घडणारा खेळ. त्याच्याच टक्केवारीच्या पद्धतीवर सँडी पीटरसन यांनी ‘कॉल ऑफ कथुल्हू’ (१९८१) हा एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांवर आधारित खेळ रचला. येथे कथाविश्व बदलताच परिणाम बदलला, असे वरवर पाहता वाटेल. परंतु पीटरसन यांना त्यात एका नव्या नियमाची भर घालावी लागली, हे लक्षणीय आहे. प्रत्येक पात्राचे मानसिक स्वास्थ्य अंकांत मोजले जाते. गूढ ज्ञानाची टक्केवारी जितकी वाढते, तितकी स्वास्थ्याची कमाल मर्यादा ९९ मधून वजा होते. ज्ञान ३० झाले की मर्यादा ६९ वर येते. संकट परतवून लावण्यासाठी ज्ञान हवे, आणि ज्ञान मिळवावे तर मन ढासळते. लव्हक्राफ्ट यांच्या कथांतील भीतीचे मर्म, म्हणजे जाणून घेणे हाच विनाश, येथे एका वजाबाकीत उतरले आहे.

तथापि यावरून नियमच सर्वस्व होत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. स्टॅफर्ड यांच्या ‘पेनड्रॅगन’ (१९८५) या आर्थरकथांवरील खेळात सरदाराचा स्वभाव परस्परविरोधी गुणांच्या १३ जोड्यांत मांडलेला असतो, आणि प्रत्येक जोडीची बेरीज २० असते. दया वाढली की क्रौर्य तितकेच घटते. एखादा गुण १६ वा त्याहून अधिक झाला की सरदार त्यासाठी ख्यातनाम होतो. पण मोहाच्या क्षणी त्याने कसे वागावे, हे मग फासाही ठरवू शकतो. ख्याती माणसाला बांधून टाकते, हा अर्थ नियमाने दिला. परंतु आर्थरचे राज्य अखेर लयास जाणार, ही शोकात्म जाणीव कोणत्याही फाशातून येत नाही. ती १४८५ मध्ये मुद्रित झालेल्या मॅलरीच्या ग्रंथाशी बांधलेल्या कथाविश्वातून येते. नियम प्रत्येक कृतीला किंमत देतो, तर त्या किमतीला काळाचे आणि नियतीचे परिमाण कथाविश्व देते.

कुशल सूत्रधार गैरसोयीचे नियम बाजूस सारतो, हा आक्षेप येथे येऊ शकतो. ते खरेच आहे. परंतु असे करताना तो नियमविरहित कथा सांगत नसतो. छापील नियमाच्या जागी तो स्वतःचा अलिखित नियम आणीत असतो. त्याच्या पसंतीस उतरेल तेच घडेल, हाही नियमच. आणि त्याची मोजदाद होत नसल्याने तो अधिक निरंकुश असतो.

सारांश, नियमपुस्तक ही केवळ तांत्रिक पुस्तिका नसून अद्याप न घडलेल्या कथांची संहिता आहे, आणि ती संहिता म्हणूनच वाचली पाहिजे. त्यासाठी अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : नियम कशाला पारितोषिक देतो, कशाची किंमत वसूल करतो, आणि कोठे मौन पाळतो. पहिल्या दोहोंच्या उत्तरांतून कथेची मूल्यव्यवस्था हाती लागते. तिसऱ्यातून कथाविश्वाला आणि खेळाडूच्या कल्पनेला मोकळा राहिलेला अवकाश दिसतो. केवळ कथाविश्वाचे वर्णन वाचून अशा खेळाचे मूल्यमापन करणे म्हणजे वृत्त वगळून कवितेचा सारांश सांगण्यासारखे होईल.