अंडं कुणी आणायचं?

पाथर्डी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. चौथीपर्यंतचे वर्ग, पट साठ. हजेरी झाली की गुरुजी आकडा सांगतात आणि मावशी तांदूळ मोजायला घेतात. मुलामागे 100 ग्रॅम, म्हणजे सगळी आली तर सहा किलो. मूगडाळ 1200 ग्रॅम, तेल 300 ग्रॅम, भाजी तीन किलो. तेल पिशवीतून थेट पातेल्यात ओतत नाहीत. वाटीत घेतात, उजेडाला धरून बघतात, मग फोडणी. खिचडी शिजली की गुरुजी घासभर खाऊन चव रजिस्टरवर सही करतात. सहीशिवाय ताट वाढायचं नाही, असा नियम आहे.

तांदूळ केंद्राकडून फुकट येतो. बाकी डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन हे सगळं मे 2025 पासून मुलामागे 6 रुपये 78 पैशांत बसवायचं. साठ पोरांचे झाले 406 रुपये 80 पैसे. आता बाजारात अंडं सहा-सात रुपयांना. साठ अंडी आणली की दिवसाचा जवळजवळ अख्खा खर्च तेवढ्यातच संपतो.

म्हणून अंड्यासाठी वेगळा पैसा लागतो, आणि तो काही काळ मिळालाही. नोव्हेंबर 2023 पासून आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं. अंड्यामागे सरकारचे पाच रुपये. वरचा रुपया-दोन रुपये कुठून यायचा, ते प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. तरी मावशी म्हणतात, "त्या दिवशी एक बी लेकरू खाडा करीत नव्हतं." जानेवारी 2025 मध्ये शासनानं अंड्याचा आणि साखरेचा निधी बंद केला. अंडा पुलाव, खीर द्यायची असेल तर लोकसहभागातून द्या, असा निर्णय आला.

लोहाची गुलाबी गोळी मात्र सरकारी खर्चानं येते. ती जेवणानंतर द्यायची असते. गोळीला बजेट आहे, गोळीच्या आधीच्या घासाला वर्गणी! शिजवणाऱ्या मावशींकडे वर्गणी मागावी, तर त्यांचं मानधन महिन्याला 2500 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. त्यात केंद्राचा वाटा 600 वरच अडलेला.

लोकसहभाग हा शब्द बागायती गावात शोभतो. इथं दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. वर्गणी मागायची कुणाला? गुरुजींनी आपल्यापुरती तोड काढली आहे. मुकादमाची उचल गावात वाटली जाते, त्या आठवड्यातच ते पावतीपुस्तक घेऊन फिरतात. कुणी पन्नास देतं, कुणी शंभर. अजून न तोडलेल्या उसावर घेतलेले ते पैसे, हंगामभर कोयता चालवून फेडायचे. त्यातून दिवाळीपर्यंतची अंडी निघतात.